ध्वनिमुद्रणाची पदवी: प्रवेशाच्या आधीपासून पहिल्या ख्यालाच्या रेकॉर्डिंगपर्यंत

दहावीनंतर शाखा निवडताना ध्वनिमुद्रण डोक्यात असेल, तर भौतिकशास्त्र आणि गणित बारावीपर्यंत सोडू नका. बारावीचं भौतिकशास्त्र ही या अभ्यासक्रमांची अट अनेक ठिकाणी असते. अट नसली तरी लॉगरिदम, साइन लहर आणि ओहमचा नियम पहिल्या सत्रात गृहीतच धरतात. गाणं किंवा वाद्य शिकत असाल तर तेही चालू ठेवा. ज्याला सम कुठे येते ते ऐकू येत नाही, त्याला टेक (एका दमात केलेलं मुद्रण) कुठे कापायचा हेही समजत नाही.

कुठे शिकायचं हे ठरवताना आधी एक फरक लक्षात घ्या. पुण्याची एफटीआयआय किंवा कोलकात्याची सत्यजित राय संस्था इथला ध्वनीचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि त्याचा गाभा चित्रपटाचा आवाज हा आहे: संवाद, वातावरण, फोली (पावलं, दार यांसारखे मागाहून मुद्रित केलेले आवाज), शेवटचं मिश्रण. ज्याला गाणं-बजावणंच मुद्रित करायचंय त्याला तिथे पाया उत्तम मिळेल, पण रोजचं काम वेगळं असेल. संगीतमुद्रणाची जुनी विद्यापीठीय परंपरा युरोपातली, टोनमायस्टर नावाची. जर्मनीत डेटमोल्डला एरिश थीनहाउस यांनी ती १९४९ मध्ये सुरू केली, इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठात १९७० मध्ये ती रुजली. तिथे संगीत आणि भौतिकशास्त्र दोन्हीची तयारी लागते, आणि वाद्यवृंदाची लिखित संहिता वाचता यावी लागते. आपल्याकडे शास्त्रीय गाणं शिकलेल्या मुलांची इथेच अडचण होते. भातखंडे लिपी सफाईने वाचणाऱ्यालाही पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन नव्याने शिकावं लागतं. रोज अर्धा तास दिला तर वर्षभरात चार स्वरपंक्तींची संहिता डोळ्यांनी सहज धरता येते, म्हणून हे काम अर्ज भरायच्या एक वर्ष आधी सुरू करा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा कन्सोल (मिश्रणाचं मोठं टेबल) कितीचा आहे हे विचारू नका. त्याऐवजी हे विचारा: एका विद्यार्थ्याला आठवड्याला स्टुडिओचे किती तास मिळतात, रात्रीचं बुकिंग मिळतं का, एका बॅचला माइक किती, आणि बिघाड झाला तर दुरुस्त करणारा माणूस आवारात आहे का. चाळीस मुलांत एक स्टुडिओ असेल आणि तो सकाळी दहा ते सहाच उघडा असेल, तर फी कितीही असो, तुमच्या वाट्याला आठवड्याला तास-दीड तासच येणार. त्याच आवारात गाण्याचा किंवा वाद्यांचा विभाग असेल तर फार मोठा फायदा. रेकॉर्ड करायला माणसं लागतात, आणि दर आठवड्याला बाहेरून तबलजी आणणं विद्यार्थ्याला परवडत नाही. पुढे परदेशी शिकायचा विचार असेल तर मिळणारा कागद पदवीचा आहे की खासगी प्रमाणपत्र आहे, तेही लेखी विचारून घ्या.

पहिले सहा महिने

या काळात सॉफ्टवेअर शिकण्याची घाई होते. बटणं दोन आठवड्यांत येतात. डेसिबल, केबल आणि कान या तीन गोष्टींना मात्र सहा महिनेही कमी पडतात.

डेसिबल पाढ्यांसारखे पाठ करा. व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डेसिबल वाढ, दहापट म्हणजे २०. पॉवर दुप्पट म्हणजे ३. मोकळ्या जागेत उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने उतरते. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो, हा आकडा तर रोज लागतो. एकच आवाज दोन माइकना ३४ सेंमीच्या फरकाने पोचला आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले, तर ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज एकमेकांना खातो. गाणं पोकळ, नळीतून आल्यासारखं वाटतं ते यामुळे. कितीही इक्यू (स्वरपट्टे कमी-जास्त करणारं नियंत्रण) फिरवलं तरी ते भरून निघत नाही. माइक हलवावाच लागतो.

केबल स्वतः जोडून शिका. एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या जोडाची पहिली पिन शील्ड, दुसरी हॉट, तिसरी कोल्ड. दुसरी-तिसरी चुकून उलटी जोडली तर एकट्या माइकवर काहीच कळत नाही, पण जोडीतला दुसरा माइक उघडला की खालचे स्वर गायब होतात. पाच मीटरच्या दहा केबल डाग देऊन जोडा, प्रत्येक मल्टिमीटरने तपासा. गुंडाळताना एक वेढा सरळ, एक उलटा घ्या. कोपरावर गुंडाळलेल्या केबलची आतली तार पिळून तुटते, आणि तुटते ती नेमकी रेकॉर्डिंगच्या दिवशी. घुमी ५० हर्ट्झची आली तर आधी दोन उपकरणांच्या अर्थिंगमधला फेरा शोधा, डीआय बॉक्सवरचं (वाद्याचा सिग्नल माइकच्या केबलला जुळवणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्ट वापरा. प्लगची अर्थिंगची पिन काढून घुमी घालवणारे लोक भेटतील. ते कधीही करू नका. त्या पिनवर माणसाचा जीव असतो.

कानांसाठी रोज २० मिनिटं ठेवा. पिंक नॉइज (प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला सळसळाट) लावा, एका सप्तकपट्ट्यात १२ डेसिबल वाढ द्या आणि कोणता पट्टा ते ओळखा: ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० हर्ट्झ. मित्राला पट्टा बदलायला बसवा, स्वतः पडद्याकडे पाठ करा. सगळे ओळखता आले की वाढ ६ वर आणा, मग ३ वर. स्वरांची मदत घ्या, कारण हा कानांचा जुना आणि भरवशाचा आधार आहे. २५० ला नॉइजमध्ये 'ऊ' ऐकू येतो, ५०० ला 'ओ', १००० ला 'आ', २००० ला 'ए', ४००० ला 'ई'. त्याच्यावर 'स'ची सळसळ. मराठी शब्द रेकॉर्ड करताना आणखी एक गोष्ट कानांत ठेवा: 'चमचा'मधला दंत्य च आणि 'जग'मधला दंत्य ज 'स'सारखेच टोचतात, 'चिंच'मधला पहिला च तसा टोचत नाही. डी-एसर (टोचणारा 'स' दाबणारं साधन) फक्त 'स' ऐकून लावला तर हे दंत्य उच्चार निसटतात किंवा नको तितके दबतात.

दोन आवाजांची तुलना करताना पातळी आधी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. जरासा मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो, आणि महागडं प्लगइन (सॉफ्टवेअरमधलं जोड-साधन) 'चांगलं' वाटण्यामागे पुष्कळदा तेवढंच असतं.

खोली

गणित इथे कामाला येतं. प्रतिध्वनीचा काळ काढण्याचं सबीनचं सूत्र: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. चार मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच अशी खोली घ्या. घनफळ ३६ घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून ६६ चौरस मीटर. प्लास्टर आणि फरशी मिळून सरासरी शोषण ०.०५ धरलं तर एकूण ३.३, आणि आवाज विरायला १.७ सेकंदांच्या वर लागतात. जाड पडदे, गाद्या आणि खनिज लोकरीचे पॅनेल लावून सरासरी ०.३ वर नेली तर काळ ०.३ सेकंदावर येतो. इतका फरक पडतो.

याच खोलीत दुसरी अडचण लपली आहे. रुंदी आणि उंची दोन्ही तीन मीटर असल्याने दोघांचा पहिला अनुनाद एकाच ठिकाणी, ५७ हर्ट्झजवळ, येतो. पुढचा ११४ ला. डग्ग्याची घुमक भिंतींजवळ आणि कोपऱ्यात फुगते आणि खोलीच्या मधोमध बसलं तर नाहीशी होते. पातळ फोमने हे जात नाही. फोम वरचे स्वर गिळतो, खालचे तसेच सोडतो, आणि खोली गढूळ होते. कोपऱ्यांत १५ ते २० सेंमी जाडीची दाट लोकर उभी करा, आणि मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) ऐकायची जागा खोलीच्या बरोबर मधोमध ठेवू नका. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करा आणि तिथून पुढे-मागे सरकून कानांनी ठरवा.

पहिला ख्याल

प्रात्यक्षिकासाठी बहुतेक मुलं ड्रम आणि गिटार निवडतात, कारण त्याचे व्हिडिओ हजारो सापडतात. आमचा सल्ला, पहिलं मोठं काम ख्यालाचं घ्या. गायक, तबला, हार्मोनियम, दोन तंबोरे, सगळे एकाच खोलीत, हेडफोन नाही, क्लिक (कानांत वाजणारी लयीची टकटक) नाही. आवाज एकमेकांच्या माइकमध्ये जाणारच, म्हणून चूक झाकता येत नाही. दोन तासांत जे शिकाल ते सत्रभर प्लगइन चाळून शिकणार नाही.

चार तासांचं बुकिंग घ्या. त्यातला पहिला तास माइक मांडण्याचा, दुसऱ्यातला अर्धा सुरात लावण्याचा. एसी कलाकार यायच्या दीड तास आधी सुरू करा आणि टेकच्या वेळी बंद करा. पावसाळ्यात हे नीट सांभाळा: हवा दमट झाली की चामडं सैल पडतं, तबला उतरतो, आणि तंबोरेही हलतात. दोन टेकच्या मध्ये सूर पुन्हा तपासायला दहा मिनिटं राखून ठेवा. कंडेन्सर माइक सिलिका जेलच्या पाकिटासह डब्यात ठेवलेले असावेत; ओल धरलेली कॅप्सूल चुरचुरते, आणि ती चुरचुर आलापाच्या शांततेत ठळक ऐकू येते.

बैठक मैफलीसारखीच मांडा. गायक मध्ये, त्याच्या उजव्या हाताला तबला, डावीकडे हार्मोनियम, मागे तंबोरे. खाली जाड सतरंजी किंवा गादी घाला, नाहीतर फरशीवरून परतलेला आवाज गायकाच्या माइकमध्ये पोचून तोच पोकळपणा आणतो. बंदिशीची वही तिरकी, माइकच्या बाजूला ठेवा. समोर आडव्या धरलेल्या वहीवरूनही आवाज परततो.

गायकासाठी मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर, कार्डिऑइड (समोरून जास्त, मागून कमी ऐकणारा), तोंडापासून २५ ते ३० सेंमी, ओठांच्या रेषेपेक्षा थोडा वर आणि किंचित खाली वळलेला. जवळ आणू नका. कार्डिऑइड माइक जवळ आला की खालचे स्वर फुगतात, आणि ख्यालगायक मान हलवतो, हात फेकतो, त्यामुळे दहा सेंमीवर दर स्वराला आवाजाचा पोत बदलतो. फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच जाणारी वीज) केबल जोडल्यावर आणि फेडर (पातळीची सरकपट्टी) खाली असतानाच चालू करा. जुना रिबन माइक असेल तर त्याला ती देऊच नका.

तबल्याला एकच माइक हवा असेल तर दोन्ही पुड्यांच्या मध्ये, ४० ते ५० सेंमी वर. दोन वापरले तर २५ ते ३० सेंमीवर, एक शाईच्या कडेकडे वळवलेला, दुसरा डग्ग्याच्या मैदानाकडे (शाई आणि किनार यांच्यामधल्या भागाकडे). शाईच्या बरोबर वर ठेवू नका, किनारीचा 'ना' पातळ येतो. तबल्याचे वरचे स्वर सुरेल पटीत बसतात, ही त्या शाईची किमया, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच त्याचा अभ्यास मांडला होता. म्हणून सुरात न लागलेला तबला माइकने सुधारत नाही, उलट जास्त उघडा पडतो. हार्मोनियमचा भाता वादकाच्या समोर, श्रोत्यांच्या बाजूला असतो. माइक तिथे ठेवला तर श्वासासारखा फसफसाट मिळेल. तो वरून, पट्ट्यांच्या बाजूने, ४० सेंमीवर आणा. तंबोऱ्याला ३० ते ४० सेंमीवर, जवारीच्या (घोडीवर तार झणझणते त्या जागेच्या) दिशेने. बोटांजवळ नेला तर छेडल्याचा टकटकाट येतो आणि गुंजन मागे पडतं.

आता अंतरं टेपने मोजा. गायकाचा माइक त्याच्यापासून ३० सेंमीवर असेल तर दुसरा कोणताही माइक गायकाच्या माइकपासून किमान ९० सेंमी दूर हवा. तीनास एकचं हे प्रमाण पाळलं तर शेजारच्या माइकमध्ये गायक सुमारे ९.५ डेसिबल खाली जातो आणि पोकळपणा सहन होण्याइतका राहतो. कार्डिऑइडची पाठ बहिरी असते, तिचा उपयोग करा: गायकाच्या माइकची पाठ तबल्याकडे वळेल असा कोन शोधा. दोन सेंमी इकडे-तिकडे करून ऐकत राहा. हाच या कामाचा खरा अभ्यास आहे.

सेशन ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उघडा. एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ मेगाबाइट खातो, म्हणजे आठ ट्रॅकचा तास चार गीगाबाइटच्या वर जातो. ड्राइव्हवर तिप्पट जागा मोकळी असू द्या. गेन (माइकच्या सिग्नलची वाढ) लावताना गायकाला तार सप्तकातली जोरकस तान घ्यायला सांगा आणि तिचं टोक −१२ डेसिबलच्या आसपास ठेवा. तपासणीच्या वेळी गायक नेहमी हातचं राखून गातो. टेकमध्ये तो ६ डेसिबल सहज वर जातो, आणि २४ बिटमध्ये तेवढी मोकळी जागा ठेवल्याने काहीही बिघडत नाही.

लो-कट (खालचे स्वर कापणाऱ्या) फिल्टरचं बटण सवयीने दाबू नका. गायकाचा सूर काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) असेल तर मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४ हर्ट्झ आणि खर्ज षड्ज ६९ हर्ट्झ. ८० चा फिल्टर लावलात तर खर्ज कापलात. काळी चार किंवा पाचला गाणाऱ्या बाईंचा मंद्र पंचम १५५ च्या वर असतो, तिथे ८० ने काही जात नाही. डग्ग्याला आणि तंबोऱ्याला फिल्टर लावूच नका.

टेक सुरू होण्याआधी माइकवर बोला: तारीख, राग, ताल, टेक क्रमांक. गौहरजान १९०२ च्या कोलकात्यातल्या मुद्रणापासून तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव सांगत असे; तबकड्या परदेशात बनत, तिथे गाणारी कोण हे कळायला त्याचा उपयोग होई. तुमची फाइलही सहा महिन्यांनी तुमच्यासाठी परकीच असते. टेक संपल्यावर तंबोरे पूर्ण विरेपर्यंत, निदान दहा सेकंद, कोणालाही हलू देऊ नका. मग सगळे बसलेले असतानाच ३० सेकंद नुसती खोली मुद्रित करा. जोड लपवायला ती लागते.

संपादन आणि मिश्रण

जोड द्यायचा तर समेवर. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिट किंवा त्याहून मोठं असतं, त्यामुळे जागा मोजक्याच मिळतात. कुठल्या टेकमधल्या कुठल्या समा जुळतात ते रेकॉर्डिंगच्याच वेळी कागदावर टिपा. सगळे ट्रॅक एकत्र गटात बांधून कापा, कारण तंबोरा प्रत्येक माइकमध्ये आहे. एकट्या गायकाचा ट्रॅक कापला तर शब्द जुळतो, पण मागे तंबोऱ्याचा फेरा उडी मारतो आणि जाणकार कानाला ती लगेच कळते. १० ते ३० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा उमटणं) पुरतो.

पहिलं मिश्रण फक्त फेडर आणि पॅनवर करा. इक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब काही नाही. त्यात न बसणारी गोष्ट बहुधा माइकच्या जागेची चूक असते आणि ती वहीत नोंदवायची असते. त्यानंतर रिव्हर्ब थोडा, कॉम्प्रेसर असला तर तानांच्या टोकांवर दोन-तीन डेसिबल, त्याहून नाही. आलाप आणि तान यांच्यातला चढउतार हेच तर गाणं. शेवटची पातळी −१८ लफ्सच्या (LUFS, कानाला जाणवणाऱ्या सरासरी पातळीचं एकक) आसपास ठेवली तरी चालते, टोक −१ च्या खाली असू द्या. स्ट्रीमिंगसाठीचे −१४ गाठायला लिमिटर दाबला की तबल्याची थाप सपाट होते. मोबाइलच्या स्पीकरवरही ऐका. तिथे डग्ग्याचा मूळ स्वर येतच नाही, वरच्या अंशस्वरांवरच मींड समजते. ती समजत नसेल तर माइक मैदानापासून फार दूर होता.

कान

८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणी मानलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला १५ मिनिटं. छोट्या खोलीत ७५ च्या आसपास काम करा आणि दर तासाला दहा मिनिटं उठा. ढोल-ताशा पथकात वाजवत असाल तर कानांत प्लग घातल्याशिवाय सरावाला उभे राहू नका, आणि मिरवणुकीनंतर निदान दुसरा पूर्ण दिवस मिश्रण करू नका. थकलेला कान वरचे स्वर कमी ऐकतो, त्यामुळे ते तुम्ही गरजेपेक्षा जास्त वाढवता.

वही आणि कामाचा संच

प्रत्येक सेशनला माइकचं नाव, उंची, अंतर सेंटिमीटरमध्ये, कोन आणि गेन लिहा, आणि एक फोटो काढा. फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. कलाकारांकडून वापराची लेखी परवानगी त्याच दिवशी घ्या. दोन महिन्यांनी मागायला अवघड जातं.

इंटर्नशिपसाठी किंवा पुढच्या प्रवेशासाठी तीन तुकडे पुरतात, सगळे मिळून आठ-दहा मिनिटं. त्यातला एक तरी दोनच माइकवर केलेला असावा: १७ सेंमी अंतर, ११० अंशांचा कोन, ओआरटीएफ पद्धत, कलाकारांसमोर दीड ते दोन मीटरवर. प्रत्येकासोबत अर्ध्या पानाची टीप जोडा: खोली कशी होती, माइक कुठे होते, काय चुकलं आणि पुढच्या टेकला काय हलवलं. मूळ ट्रॅक न छेडता सोबत ठेवा, म्हणजे मुलाखतीत कोणी 'हे कच्चं कसं होतं?' विचारलं तर तिथल्या तिथे उघडून ऐकवता येईल.